बी४५० वर ५७००एक्स: चार रॅम आणि ३२०० चा हट्ट

एएमडीचा जुना प्रोसेसर रायझन २६०० काढून रायझन ५७००एक्स बसवला. मदरबोर्ड तोच, २०१८ चा बी४५०, रॅमच्या चार स्टिकही त्याच. नव्या प्रोसेसरला लागणारा बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) आधीच टाकून ठेवलेला. डिस्प्ले पहिल्या झटक्यात आला, एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी तयार सेटिंग) चालू केलं, रॅमचा वेग ३२०० दिसला. पुढे ब्लू स्क्रीनची रांग लागली.

कोड दर वेळी वेगळा. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, मध्येच क्रोमचे टॅब आपोआप पडायचे. कोड असा रोज बदलत असेल तर ड्रायव्हरच्या मागे धावू नये, आधी रॅम तपासावी. संशय पक्का झाला तो एका मोठ्या झिप फाईलवरून. तीच फाईल एकदा नीट उघडली, लगेच पुन्हा उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा जुळत नसल्याची तक्रार. गेम मात्र तासन्‌तास बिनबोभाट चालत होता. त्यामुळे ‘गेम चालतोय, म्हणजे सगळं ठीक’ हे मला कुणी सांगू नये.

आपल्या बेळगावात कुठलंही यंत्र बिघडलं की पहिला आरोपी करंट. पावसाळ्यात अनगोळात व्होल्टेज खालीवर होतं, खरं आहे. पण लाईट गेल्यावर यूपीएसच्या बॅटरीवरही त्याच एरर आल्या, तेव्हा तो सुटला. खडेबाजारातल्या एका दुकानात निदान तयारच होतं: ‘रॅम गेलंय बघा तुमचं, नवीन घाला.’ निपाणीच्या भाच्याचा फोन आला, ‘मामा, रॅमच्या पिनांवर खोडरबर मारून बघितलासा काय?’ मारलं. डिस्प्लेच येत नसेल, बीप वाजत असेल तर खोडरबर कामाला येतं. इथे डिस्प्ले झकास होता, फरक शून्य.

मूळ गोष्ट अशी की मेमरी कंट्रोलर बोर्डात नसतो, प्रोसेसरच्या पोटात असतो. प्रोसेसर बदलला की रॅमशी बोलणारा भागही बदलतो. ५७००एक्सचा अधिकृत वेग ३२००, पण तो दोन स्टिकसाठी. चार सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेल्या) स्टिक लावल्या की एएमडीचाच आकडा २९३३ वर येतो, चार ड्युअल रँक (दोन गटांच्या) असतील तर २६६७ वर. बॉक्सवर फक्त मोठा आकडा छापतात. माझ्याकडे ८ जीबीच्या चार, सिंगल रँक. जुन्या प्रोसेसरवर त्या २९३३ वर मुकाट चालायच्या. म्हणजे चौघी मिळून ३२०० वर कधी धावल्याच नव्हत्या.

तपासणीचा क्रम सांगतो. आधी सीमॉस क्लिअर (बायोसच्या साठवलेल्या सेटिंग पुसणं), म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या वेळचं काही उरायला नको. मग एक्सएमपी बंद करून, १.२ व्होल्टवर, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम. फुकट आवृत्तीत चारच पास (फेऱ्या) मिळतात, ते रात्रभर चालू दिले. एकही एरर नाही. स्टिक गेलेल्या नाहीत, हे इथेच ठरलं. नंतर एक्सएमपी ३२००, १.३५ व्होल्ट, एकेक जोडी प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. दोन्ही जोड्या स्वच्छ. चारही एकत्र लावल्या आणि लाल ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी. आठ अक्षरांपैकी सात जुळतात, एका जागी ० च्या ऐवजी ४. फरक एका बिटचा. एवढ्याने झिप फुटते.

थायफून बर्नर या रॅमची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रामने बघितलं तर दोन जोड्यांवर लेबल एकच, आतल्या चिप दोन वेगळ्या कंपन्यांच्या. दुसरी जोडी दोनेक वर्षांनी घेतलेली. एक्सएमपीचं टायमिंग (रॅमने किती ठोक्यांत काम उरकायचं त्याचे आकडे) त्या त्या जोडीपुरतं तपासलेलं असतं, दोन जोड्यांची सोयरीक जुळेल याची हमी कुणी देत नाही.

तरी हट्ट म्हणून बायोसमध्ये शिरलो. गिअर डाऊन मोड (रॅमवरचा ताण हलका करणारी सेटिंग) चालू, प्रोकओडीटी (रॅमचा सिग्नल स्वच्छ राहावा म्हणून प्रोसेसरच्या टोकाला असलेला रोध) ऑटोवरून आधी ४३.६ आणि मग ४८ ओहम. ४८ वर मेमटेस्ट पास! पण विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही दुसरी रॅम-चाचणी लावली, त्यात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा रॅमवर यायला लागली, आणि तासाभराने एक एरर. एक का असेना, एरर ती एररच. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) वाढवून बघा असं बरेच जण सांगतात. मी १.१ च्या वर नेलं नाही. थोड्याशा वेगासाठी नव्या प्रोसेसरला भाजून काढणं मला पटत नाही.

सध्या २९३३, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या ‘फॅब्रिक’चा वेग) १४६७, बाकी टायमिंग एक्सएमपीचंच. मेमटेस्ट आणि टेस्टमेम५ दोन्ही स्वच्छ, झिप कितीही वेळा उघडा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) एकही नोंद नाही, म्हणजे फॅब्रिकची तक्रार आधीही नव्हती, आताही नाही. रेंडरला लागणारा वेळ ३२०० च्या तुलनेत घड्याळ लावूनच कळेल इतका जवळ.

पुढचा बेत १६ जीबीच्या दोन स्टिकचा एकच किट. मग वेग परत ३२०० वर नेऊन हेच सगळं पहिल्यापासून तपासणार. जुन्या दोन जोड्या वेगवेगळ्याच विकायच्या. कुणी चारही एकदम मागितल्या, तर आधी ही नोंद वाचायला देईन.