"आता हा कोणाशी बोलतोय?"

काल रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर जपानी अभिनेता हिरोयुकी सनादाचं २०२४ च्या एमी (अमेरिकेतले टीव्ही पुरस्कार) सोहळ्यातलं भाषण लावलं होतं. इंग्रजीत बोलता बोलता तो जपानीत शिरला, तेव्हा शेजारी बसलेल्या आईने हा प्रश्न विचारला.

जपानचे ऐतिहासिक सिनेमे ज्यांनी जपले, त्या जुन्या दिग्दर्शकांचे आणि गुरूंचे तो आभार मानत होता. म्हणजे समोरच्या सभागृहाशी नाहीच. त्यातले कितीतरी आज हयातही नाहीत.

मला आठवले सनादाचे गुरू, अभिनेते शिनिची चिबा, म्हणजेच सनी चिबा. ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट म्हणून उतरायचं स्वप्न पाठीच्या दुखापतीने मोडलं. मासुतात्सु ओयामांकडे कराटे शिकून हा माणूस पडद्यावर आला आणि १९७० मध्ये 'जपान ॲक्शन क्लब' काढून बसला. कशाला? तर पोरांना नीट पडायला, लढायला आणि अभिनय करायला शिकवायला! सनादा शाळकरी वयात तिथेच घडला.

पुढे जुन्या जपानवरच्या 'शोगुन' या मालिकेचा निर्माता झाल्यावर स्वतःचं शूटिंग नसलं तरी सनादा सेटवर हजर. किमोनो, विग, हालचाली, सगळं बघायला. २०२४ मध्ये मालिकेला १८ एमी मिळाले.

चिबा २०२१ च्या ऑगस्टमध्येच कोविडने गेले होते.

आईला एवढंच म्हटलं, "त्याच्या सरांशी बोलतोय गं." ती गप्प झाली. मग म्हणाली, "परत लाव ना."

तुम्हाला असं कोणाशी बोलायचं राहून गेलंय का?