हतनूरच्या फुगवट्यात नावेतून पक्षी पाहताना

चांगदेवच्या हेमाडपंती मंदिरापासून दोन पावलांवर पूर्णा तापीला मिळते. तापीवरच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाजांनी अडवलेलं पाणी हिवाळ्यात इथपर्यंत तुंबतं आणि संगमाचं तळं होतं. खान्देशात दिवसभर नावेत बसायचं, तर याहून चांगली जागा आम्हाला तरी ठाऊक नाही.

नाव मासेमाराचीच घ्यायची, वल्ह्याची. इंजिनाच्या आवाजाने बदकं लांबूनच उठतात. सूर्य उगवताच निघायचं, कारण उन्हं चढली की वारा सुटतो, पाणी डुचमळतं आणि दुर्बीण स्थिर राहत नाही. दुर्बीण 8 पटीची आणावी. 10 पटीची नावेत फार हलते. लाइफ जॅकेट काठावरच घालायचं.

पहिला अडथळा जाळ्यांचा. थर्माकोलच्या तरंगत्या तुकड्यांची रांग दिसली की खाली जाळं आहे असं समजावं आणि वळसा घ्यावा. वल्हं अडकलं तर जाळं फाटतं, नुकसान मासेमाराचं होतं. दुसरा अडथळा गाळ. धरणात तो अमाप साठलाय, त्यामुळे काठापासून लांबही नाव रुतते. रुतली तर खाली उतरू नका, पाय गुडघ्याच्या वर जातो. सगळ्यांनी मोकळ्या टोकाकडे सरकायचं आणि नावाड्याने बांबू रेटून नाव मागे घ्यायची.

थव्याकडे नाक करून कधीच जायचं नाही. तिरकं जायचं, ऊन पाठीशी ठेवायचं, मग वल्हं उचलून नाव वाहू द्यायची. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतात, म्हणून ती बाजू मोकळी सोडावी. माना ताठ झाल्या, की "भाऊ, थांबा" म्हणायचं. तिथून पुढे एक वल्हं मारलं तरी थवा उठतो आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांची ताकद फुकट जाते.

थापट्या आणि तलवार ही बदकं पाण्यावरून सरळ वर उसळतात. वारकरी हा पाणपक्षी मात्र आधी धावतो: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर पावलांची चपचप, मागे थेंबांची रांग आणि बऱ्याच अंतरानंतर कुठे पाय सुटतात. पट्टकादंब हे रानहंस दुपारी पाण्यात विसावतात. डोक्यावरचे दोन काळे पट्टे तेव्हा निवांत मोजता येतात. रात्री ते काठच्या हरभऱ्यात चरायला जातात, म्हणून शेतकरी त्यांच्यावर वैतागलेले असतात आणि ते वैतागणं खोटं नाही. नदी सुरय डोक्यावरून फिरत राहतो, क्षणभर हवेत थबकतो आणि मासळीवर सूर मारतो.

जेवणाला कळण्याची भाकरी आणि ठेचा न्यावा. खरकटं पाण्यात टाकू नये. फेब्रुवारीनंतर पाणी ओसरून वाळूची बेटं उघडी पडली, की जेवायला तिथे उतरायचा मोह होतो. उतरू नये. छोटा आर्ली हा पक्षी तिथे उघड्या वाळूवरच अंडी घालतो आणि वाळूच्याच रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.