तुम्ही विचारलंत म्हणून: क्वेरीत व्हेरिएबल सरळ का जोडायचं नाही?

नाशिकमध्ये नव्याने कोडिंगला लागलेली मुलं हमखास विचारतात: "सर, क्वेरीत व्हेरिएबल सरळ जोडलं तरी उत्तर बरोबर येतं. मग बाइंड करायची उठाठेव कशाला?"

क्वेरी म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत दिलेली आज्ञा. बाइंड करणं म्हणजे तिच्यात व्हेरिएबलच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि त्यातली किंमत (व्हॅल्यू) वेगळी पाठवायची. सरळ जोडलं तरी उत्तर बरोबर येतं, कारण तपासताना तुम्ही 'बोरस्ते' टाकता. समजा, कांद्याच्या आडत्यासाठी खातेदार शोधायची स्क्रीन केलीय. कोडात व्हेअर आडनाव = ' लिहून पुढे व्हेरिएबल जोडलंय आणि शेवटी आणखी एक अवतरणचिन्ह. निफाडचे बोरस्ते सापडतात. मग नाशिकरोडचे डि'सूझा येतात, नावातल्याच चिन्हाने अवतरण मध्येच बंद होतं आणि स्क्रीनवर सिंटॅक्स एरर. त्याच जागी कुणी ' ऑर '1'='1 टाइप केलं तर एररही येत नाही. 'किंवा 1 बरोबर 1' ही अट कायम खरी, म्हणून सगळ्यांची खाती समोर उघडतात. हे एसक्यूएल इंजेक्शन. 1998 पासून जाहीरपणे माहीत असलेली ही युक्ती 2015 मध्येही ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीला भोवली. दीड लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी 4 लाख पौंडांचा दंड झाला.

बाइंड केलं की क्वेरी छापील पावतीसारखी होते. रिकाम्या जागेत काहीही भरा, छापलेला मजकूर बदलत नाही. सर्व्हर क्वेरीचा अर्थ आधीच लावून ठेवतो. किंमत नंतर येते आणि किंमत म्हणूनच वापरली जाते. (पीएचपी भाषेत डेटाबेसशी बोलायला पीडीओ असतं. त्यात मायएसक्यूएल डेटाबेससाठी, सेटिंग न बदलल्यास, याची नुसती नक्कल होते. ती सेटिंग मी बंद ठेवतो.)

"मग अवतरणचिन्हं एस्केप केली तर?" म्हणजे ती नुसता मजकूर धरली जातील अशी खूण लावली तर, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मला तो उपाय पटत नाही. खाते क्रमांक अवतरणाशिवाय जोडलेला असेल तर 5 ऑर 1=1 एवढंच पुरतं. एस्केप करायला तिथे चिन्हच नाही.

बाइंडिंग सगळीकडे चालत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच अडतात. टेबलचं नाव, कॉलमचं नाव, ऑर्डर बायमधलं असेंडिंग-डिसेंडिंग (चढता-उतरता क्रम) बाइंड होत नाही. 'भावानुसार लावा' असं बटण असेल तर चालणाऱ्या कॉलमांची यादी कोडातच ठेवा, आलेलं नाव त्यात असेल तरच क्वेरीत घ्या. अर्धवट शब्दावरून शोधणाऱ्या लाइकसाठी टक्क्याचं चिन्ह क्वेरीत नको, किमतीला लावा: 'पिंपळ%'. यादीतलं काहीही जुळवणाऱ्या इनच्या कंसात जितक्या किमती तितकी प्रश्नचिन्हं. अख्खी यादी एका प्रश्नचिन्हात कोंबली की ती एकच किंमत धरली जाते. किंमत नल, म्हणजे भरलेलीच नाही अशी, असू शकत असेल तर बरोबरचं चिन्ह कामाचं नाही, इज नल लिहा.



जुन्या कोडाचं काय, हेही विचारता. सगळं एकदम उपसू नका. लॉगिन आणि शोध, या दोन स्क्रीन आधी घ्या. मग रिपोर्ट.