काकांचा बोअर आणि टेक्सासचा गॅस

परवाची केस सांगते, डोक्यातून जातच नाहीये. नाशिकला कॉलेज रोडला माझं सीएचं ऑफिस आहे, दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले काका दरवर्षी येतात. या वेळी रिटर्नचं नावच नाही, पिशवीतून चकचकीत माहितीपत्रक काढलं, टेक्सासमधल्या गॅसच्या विहिरीत हिस्सा, 18 लाख, जमिनीचा तुकडा विकून आलेले. "ताई, गॅस आहे तिथं, रिपोर्टच आहे."

रिपोर्ट वाचला तर सगळीकडे 'प्रॉस्पेक्ट', 'रिझर्व्ह', म्हणजे ड्रिल करून खात्री झालेला साठा, कुठंच नाही. प्रॉस्पेक्ट म्हणजे सर्व्हेवरून बांधलेला अंदाज, ड्रिल अजून लागलेलंच नाही. गॅस तयार करणारा खडक हवा, साठायला सच्छिद्र वाळूचा दगड हवा, वरती न गळणारं झाकण हवं आणि थर असे वाकलेले हवेत की गॅस अडकून राहील, आणि हे चारही एकाच जागी. प्रत्येकाला 60 टक्के चान्स धरला तरी गुणाकार 13 टक्क्यांवर येतो, कॅल्क्युलेटरवर करून दाखवला.

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या पाणाड्यासारखंच की." त्यांचे दोन बोअर कोरडे गेलेत, नारळ हातावर उभा राहिला होता तरी. मी म्हटलं नाही काका, हा सर्व्हे खरं शास्त्र आहे, पण ड्रिल लागेपर्यंत तोही अंदाजच. आणि गॅस लागल्यावरसुद्धा भरवसा नसतो, आपल्याकडे आंध्रच्या किनाऱ्याजवळ समुद्रातलं केजी-डी6 हे गॅसक्षेत्र, त्याचं उत्पादन 2009 ला सुरू झालं, वर्षभरात रोज 6 कोटी घनमीटरच्या आसपास गेलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच कोसळलं. मोठ्या कंपन्या अनेक विहिरी खणतात म्हणून एखादी कोरडी गेली तर पचवतात, काकांची एकच.

मला खरा राग आला तो करारातल्या बारीक अक्षरांवर. 'वर्किंग इंटरेस्ट' म्हणजे खर्चातही हिस्सा, पुढं विहिरीला पैसे लागले तर काकांनाही भरायचे. एजंटने फक्त महिन्याच्या चेकचं सांगितलेलं.

मी नको म्हणाले नाही, पैसे त्यांचे आहेत. कागदावर दोन प्रश्न लिहून दिले, आजूबाजूला आधी खणलेल्या विहिरींत काय लागलं आणि तुमच्या कंपनीचे स्वतःचे पैसे यात किती.

रात्री साडेनऊला फोन. "ताई, विचारलं. तो म्हणतो उद्या बुकिंग बंद होतंय." मग थोडं थांबून, "छाटणीला किती लागतील ते धरून बाकीचं कुठं ठेवायचं, सोमवारी येऊ का?"