तिसरा नट

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मालवणजवळच्या एका वाडीतून फोन आला. गाडी काकांची, बारा महिने माडाखाली, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी. मुंबईहून आलेल्या पुतण्याने एसटीला बाजू देताना डावा आरसा जांभ्याच्या गडग्यावर घातला. नवा आरसा आणून घरीच बसवायला घेतला आणि अडला. "मेस्त्री, दोन नट निघाले, तिसरा नुसता फिरतोय."

काम तसं अर्ध्या तासाचं. दाराच्या आतल्या कोपऱ्यातलं त्रिकोणी झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावला की खुंटी तुटलीच. आत तीन नट आणि वायरचा कनेक्टर. दहाचा बॉक्स पाना, लहान रॅचेट, बस्स. नट सोडण्याआधी खालच्या फटीत फडकं कोंबायचं, नाहीतर नट दारात पडतो आणि मग अख्खं ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडावं लागतं.

जाऊन पाहिलं, तर खालचा नट गंजून स्टडला, म्हणजे आरशातून आलेल्या आटेदार दांड्याला, चिकटला होता, आणि स्टड आरशाच्या प्लॅस्टिकमधून सुटून नटाबरोबर फिरत होता. अशा वेळी गंजाचा स्प्रे मारून अर्धा तास थांबायचं. मग एकाने बाहेरून आरसा जोरात ओढून धरायचा. ताण आला की स्टडचं डोकं प्लॅस्टिकमध्ये रुततं आणि कधीकधी नट सुटतो. काकांनी ओढून पाहिलं, नाही सुटला. वाइज ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, धरायला स्टडचे आटेही बाहेर नव्हते.

पुतण्या ग्राइंडर मागून आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, ते डाग निघत नाहीत. गॅसची ज्योत तर नकोच, शेजारी रंग आणि वायरी. हॅक्सॉच्या नुसत्या ब्लेडला एका टोकाला चिंधी गुंडाळली, नटाला उभा काप दिला आणि त्यात छिन्नी ठेवून हलका ठोका मारला. नट फुटला. वीस मिनिटं गेली. लोखंडाचा भुसा चुंबकाने उचलला, कारण राहिलेला प्रत्येक कण पुढच्या पावसात तांबडा डाग देतो.

जुना आरसा हातात आल्यावर दार हलवलं तर आत पाणी डुचमळलं! काचेच्या रबरातून दारात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. ती भोकं तांबड्या मातीने लिंपलेली. वायर फिरवली आणि अंगणात तांब्याभर गढूळ पाणी सांडलं. नटाला दमट हवा कुठून मिळत होती, तेही कळलं.

नवा आरसा आधी नुसता वायरीला जोडून पाहायचा. वर-खाली आणि डावं-उजवं करायला तीन वायरी, इंडिकेटरच्या दोन, घडी घालायची मोटर असेल तर आणखी दोन. पिना जुळल्या म्हणजे आरसा योग्य. आमचा इंडिकेटर लागेना. गाडीकडच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज होता. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन घासल्यावर लागला. मग थोडं सिलिकॉन ग्रीस.

जुन्या आरशाखालचा फोमचा गॅस्केट पिठासारखा चुरला होता, नव्याबरोबर आलेलाच लावला. तो मुडपला तर पाणी आत येतं आणि वेगात शिट्टी वाजते. दारावर रंग उडालेल्या दोन ठिकाणी टच-अप रंग सुकू दिला. तिन्ही नट आधी बोटांनी लावून मग आळीपाळीने आवळले, पण बेताने. प्लॅस्टिकचा बेस तडकला तर नवा आरसा फुकट.

निघण्याआधी उजव्या बाजूचं झाकणही उघडलं. खालचा नट घट्टच होता, पण आटे शाबूत होते. सोडला, ब्रशने साफ केला, ग्रीस लावून परत बसवला.