घड्याळचोर मूळपुरुष

सिडनीत मावसभावाकडे उतरलो, तर पहिल्याच संध्याकाळी त्याने हॅरिस पार्क या उपनगरात नेलं. विग्रॅम स्ट्रीटवर डोसा, चाट, सगळं आपलंच. खाता खाता तो सहज म्हणाला, “दादा, हा हॅरिस म्हणजे ज्याने एका घड्याळचोराची जमीन घेतली, तो डॉक्टर.”

झालं! आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी मी दोन वर्षं कागद चाळतोय. त्यातला मूळपुरुष एकतर घोड्यावरून येतो, नाहीतर देवीच्या दृष्टांताने. चोर औषधालासुद्धा नाही.

चोराचं नाव जेम्स रूस, मूळचा कॉर्नवॉलचा. १७८२ मध्ये चांदीची दोन घड्याळं चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती उतरून सात वर्षं काळं पाणी. १७८८ च्या जानेवारीत ‘स्कारबरो’ जहाजातून तो इथे आला. ब्रिटनमधून कैदी घेऊन आलेल्या त्या पहिल्या ताफ्यातल्या कैद्याशी नातं जुळलं की आज इथली माणसं मिरवतात. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तेच झाकून ठेवलं होतं.

सकाळी चालतच एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज गाठलं. लांब पडवीचा हा टुमदार बंगला हॅरिसने १८३० च्या दशकात बांधला. रूसचं म्हणावं असं तिथे काही नाही, पण जमीन त्याची. वसाहत उपाशी मरायला टेकली होती, तेव्हा एक माणूस आपल्या पोटापुरतं किती दिवसांत पिकवतो, हे गव्हर्नर फिलिपला पाहायचं होतं. नांगर नाही, शेणखत नाही. रूसने तोडलेली झाडं जाळली, राख मातीत मिसळली, कुदळीने ढेकळं उलथली, गवत गाडलं. वाचताना मी थबकलो. हा तर आमच्या कोकणातला राब! १७९१ मध्ये त्याने सरकारी शिधा नको म्हणून सांगितलं आणि ३० एकर त्याच्या नावावर झाली. वसाहतीतलं हे पहिलं जमीनदान. जमीन मुळात बरामाटागल लोकांची. या भागाचं पॅरामाटा हे नाव त्यांच्याचकडून आलेलं. त्यांना कुणी विचारलं नाही.

दोनच वर्षांत रूसने ती हॅरिसला ४० पौंडांना विकली. पुढे हॉक्सबरी नदीकाठी शेती केली, तिथे पुराने गाठलं. म्हातारपणी दुसऱ्याच्या शेतावर मुकादम! उपनगराला नाव मात्र विकत घेणाऱ्याचं.

कॅम्बेलटाउनच्या कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर आहे. मृत्यू १८३७ चा. दगडावरचा मजकूर त्याने स्वतःच कोरला असं सांगतात, आणि शुद्धलेखन पाहता पटतं: ‘फर्स्ट’चं ‘फॉर्स्ट’ झालंय. आईने मायेने वाढवलं, आणि या वसाहतीत पहिलं धान्य मी पेरलं, असं तो म्हणतो. खरं तर त्याच्या आधी रोझ हिलच्या, म्हणजे पॅरामाटाच्याच, सरकारी शेतावर पीक निघालं होतं. पण त्या दगडाशी वाद घालायला मन होईना.

घड्याळांचा उल्लेख अर्थातच नाही.