केमो चालू असताना काढा, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल: काय चालतं, काय नाही

अंडाशयाच्या कर्करोगावर केमो सुरू झाली की घरातलं कुणीतरी नागपूरच्या इतवारी बाजारातून एखादं चूर्ण आणतंच. झाडपाल्याचं आहे, अपाय कसला, असं म्हणत ते दिलं जातं. पण सलाईनमधून जाणारं केमोचं औषध पॅक्लिटॅक्सेल, तेसुद्धा झाडाचंच आहे. नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी अमेरिकेत पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून ते वेगळं केलं, 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली 1992 मध्ये. सालीत ते जेमतेम 0.01 टक्का असतं, म्हणजे किलोभर औषधाला सुमारे 10,000 किलो साल. म्हणून पुढे यूच्या पानांतल्या दुसऱ्या घटकापासून ते बनवायला लागले.

मग या झाडाचा काढा का नाही? पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळतच नाही. उलट पानांत टॅक्सिन नावाचं, हृदयाची गती बिघडवणारं विष असतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण आयुर्वेदिक औषधांत वापरतात ते तालीसपत्र म्हणून बाजारात कधी कधी यूच्या जातीची पानंही मिळतात. खरं तालीसपत्र वेगळ्या झाडाचं. पानं ओळखणाऱ्या वैद्यांना दाखवल्याशिवाय ती घरात आणू नका.

केमो देतात त्या डे-केअर वॉर्डात हेच औषध किती मोजून देतात ते पाहा. शरीराचं पृष्ठफळ 1.5 चौरस मीटर असेल, तर दर चौरस मीटरला 175 मिलिग्रॅमच्या हिशेबाने साधारण 262 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 44 मिली द्रावण. ते 500 मिली सलाईनमध्ये मिसळून तीन तास चालवतात. लिटरभर सलाईनमध्ये घातलं तर ते हवं त्यापेक्षा पातळ होतं. औषध विरघळवायला वापरलेलं तेलकट द्रव्य साध्या पीव्हीसी नळीतलं रसायन ओढून घेतं, म्हणून नळी वेगळी आणि मध्ये बारीक फिल्टर. त्याच द्रव्याची ॲलर्जी येते, बहुतेकदा केमोच्या पहिल्या-दुसऱ्या सायकलला, म्हणजे फेरीला, पहिल्या काही मिनिटांतच. आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ॲलर्जी रोखणारं इंजेक्शन देतात ते यासाठीच. घरी घ्यायला सांगितलेली डेक्सामेथासोनची गोळी चुकली असेल तर सलाईन लावण्याआधीच सांगा. छाती आवळली, चेहरा लाल झाला, तर लगेच सिस्टरना हाक मारा.

आता हळद. प्रयोगशाळेतल्या पेशींवर हळदीतल्या कर्क्युमिनचा परिणाम दिसतो, हे खरं आहे. पण ते आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि यकृत ते झटपट बाहेर टाकतं. चाचण्यांत रोज 8 ग्रॅम दिल्यावरही रक्तात ते अगदी नगण्य सापडलं. वायगावची हळद भाजीत जरूर घाला. काळजी आहे ती मिरीतलं पाइपरिन मिसळलेल्या कॅप्सूलची. पाइपरिन शोषण वाढवतं ते यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स अडवून, आणि पॅक्लिटॅक्सेल मोडण्यात त्याच एन्झाइम्सचा वाटा आहे. ते रक्तात जास्त रेंगाळलं तर पांढऱ्या पेशी आणखी घटू शकतात, हातापायांचा बधिरपणा वाढू शकतो. शिवाय हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेल या दोन्हींमुळे यकृताला सूज आल्याची नोंद आहे. मग रक्ततपासणी बिघडते, पुढची सायकल लांबते आणि दोष मात्र केमोवर जातो.

आपली नागपुरी संत्री खा, हरकत नाही. ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र बंद, कारण तीही या एन्झाइम्सना अडवतात.

चूर्ण आधीच सुरू असेल तर लपवू नका. रागावतील म्हणून बाया सांगत नाहीत, आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. डबा, पुडी, कॅप्सूलची स्ट्रिप तशीच घेऊन जा, किती आणि कधीपासून तेही सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे किमान दोन आठवडे आधी सांगा, कारण काही वनस्पतींमुळे रक्त गोठायला वेळ लागतो. आणि ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर काढा उकळत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.